गोमंतक कोणाचे?

एखादा प्रदेश कोणाचा, असा प्रश्न कोणी केला असता त्यास तीन तऱ्हेची उत्तरे देता येतात. पहिले उत्तर कागदाचे: ज्याच्या नावाने तह, सनद अथवा करारनामा झालेला असेल, त्याचा. दुसरे बळाचे: ज्याच्या शिपायांचा तेथे पहारा असेल, त्याचा. तिसरे उत्तर असे की, जे लोक पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहतात, तेथली जमीन कसतात आणि शेवटी तेथल्याच मातीस मिळतात, त्यांचा. ही तिन्ही उत्तरे एक असली म्हणजे राज्य सुखाने चालते. ती एकमेकांच्या विरुद्ध जाऊ लागली म्हणजे कलह उत्पन्न होतो.

आपणां वऱ्हाडातील लोकांस याचे उदाहरण फार दूर शोधावयास नको. १८५३ साली हैदराबादच्या निजामाने फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाडचा कारभार कंपनी सरकारच्या हवाली केला. १९०२ साली हाच मुलूख सालाना २५ लाख रुपयांच्या कायम पट्ट्याने इंग्रजांस देण्यात आला आणि पुढील वर्षी तो मध्यप्रांतास जोडला गेला. कर इंग्रज घेत होते, कचेऱ्या इंग्रजांच्या होत्या. तथापि कागदोपत्री धनी निजामच होता, व १९३६ च्या करारानंतर त्याच्या युवराजास ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवीही मिळाली. या सर्व देवघेवीत यवतमाळकडील कपाशी पिकविणाऱ्या कुणब्यास त्याचे मत मात्र कोणी विचारले नव्हते. ही गोष्ट ध्यानी ठेवून आपण आता महाराष्ट्राच्या दक्षिणेकडील एका लहानशा प्रदेशाकडे वळू. कागद, बळ आणि लोक यांचा झगडा तेथे ज्या स्पष्टपणे दिसला, तितका तो क्वचितच दिसतो.

हा प्रदेश म्हणजे गोमंतक, अर्थात गोवा. क्षेत्रफळ सुमारे ३,७०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या यवतमाळ जिल्ह्याच्या निम्म्याहूनही कमी. २५ नोव्हेंबर १५१० रोजी आफोन्सो दि आल्बुकेर्क या पोर्तुगीज सेनापतीने विजापूरच्या आदिलशहाकडून हे बंदर जिंकले. तिसवाडी, बारदेश आणि साष्टी हे प्रांत पोर्तुगीजांकडे सोळाव्या शतकातच आले. त्यांस ‘जुन्या काबिजादी’ म्हणतात. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा, सांगे, केपे, काणकोण हा भाग त्यांच्या ताब्यात अठराव्या शतकात गेला. त्या ‘नव्या काबिजादी’. यांखेरीज गुजराथच्या किनाऱ्यावरील दमण व दीव, आणि दमणजवळचे दादरा व नगर-हवेली एवढा त्यांचा हिंदुस्थानातील मुलूख होता. १७३९ साली चिमाजी आप्पाने वसई घेऊन त्यांचा उत्तरेकडील मोठा भाग हिसकावला, पण गोवा टिकून राहिला.

साडेचारशे वर्षांत तेथील लोक स्वस्थ बसले होते, असे मात्र समजू नये. १७८७ साली पिंटो घराण्याच्या वाड्यात ख्रिस्ती पाद्री व शिपाई यांनी मिळून पोर्तुगीज सत्ता उलथण्याचा कट केला व तो फसला. सत्तरीच्या राण्यांनी वारंवार बंडे केली. त्यांत १८५२ चे दीपाजी राण्यांचे बंड विशेष प्रसिद्ध आहे. परंतु ही बंडे एकेका भागाची अगर वर्गाची होती; सर्व गोमंतकाची हाक एक व्हावयास विसावे शतक उजाडावे लागले.

पोर्तुगालमध्ये १९१० साली राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आले, तेव्हा गोव्यातही काहीसा मोकळा वारा वाहू लागला. शाळा निघाल्या, वर्तमानपत्रे निघाली. परंतु १९२६ साली लिस्बनमध्ये लष्कराने सत्ता बळकावली आणि १९३२ पासून डॉ. सालाझार हे पंतप्रधान होऊन हुकूमशहा झाले. १९३० च्या वसाहतविषयक कायद्याने वसाहतींतील प्रजेचा दर्जा खाली ओढला गेला. सभा भरविण्यास बंदी, पक्ष काढण्यास बंदी, आणि छापावयाचा प्रत्येक मजकूर आधी सरकारी तपासनिसापुढे ठेवण्याची सक्ती. फार काय, लग्नाची निमंत्रणपत्रिकादेखील तपासून घ्यावी लागे. सालाझारने हा जाच केवळ गोवेकरांनाच लावला नव्हता. पोर्तुगालातील स्वतःच्या लोकांनाही त्याने याच दाव्याला बांधले होते. जो राजा घरच्या लेकरांना बोलू देत नाही, तो समुद्रापलीकडच्यांना काय बोलू देणार?

या मुकेपणाला पहिला मोठा धक्का १८ जून १९४६ रोजी मडगावास बसला. डॉ. राममनोहर लोहिया हे कारावासातून सुटल्यावर विश्रांतीसाठी असोळणे येथे आपले मित्र डॉ. जुलियांव मिनेझिस यांच्या घरी आले होते. तेथील स्थिती पाहून त्यांनी मनाईहुकूम मोडून सभा घेतली. त्यांस लगेच अटक झाली, परंतु लोकांच्या तोंडावरचे कुलूप निघाले ते निघालेच. त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा हे विद्वान गृहस्थ १९२८ पासून गोवा काँग्रेसचे काम करीत होते. त्यांस पकडून लष्करी न्यायालयापुढे उभे केले आणि आठ वर्षांची शिक्षा देऊन पोर्तुगालमधील पेनिशच्या किल्ल्यात धाडले. पुढे ते तेथून निसटले व मुंबईस येऊन १९५८ साली मृत्यू येईपर्यंत याच कार्यात राहिले.

१९४७ साली इंग्रज गेले आणि या कथेत एक नवे पात्र आले. आतापर्यंत गोव्याभोवती इंग्रजांचे राज्य होते आणि इंग्लंड हा पोर्तुगालचा जुना दोस्त होता. आता गोव्याचा शेजारी स्वतंत्र भारत झाला: पस्तीस कोटींचा देश एकीकडे आणि सुमारे सहा लाखांचा प्रदेश दुसरीकडे. २७ फेब्रुवारी १९५० रोजी भारत सरकारने पोर्तुगालपुढे वाटाघाटींचा प्रस्ताव मांडला. लिस्बनने उत्तर दिले की, जेथे वादच नाही तेथे वाटाघाटी कसल्या! १९५१ साली तर त्यांनी आपली राज्यघटना दुरुस्त करून ‘वसाहत’ हा शब्दच काढून टाकला आणि गोव्यास ‘सागरापलीकडील प्रांत’ म्हणावयास सुरुवात केली. नाव बदलल्याने वस्तू बदलते अशी त्यांची समजूत असावी. अखेर जून १९५३ मध्ये भारताने लिस्बनमधील आपली वकिलात बंद केली.

याच काळात फ्रान्सने काय केले ते पाहण्यासारखे आहे. चंद्रनगरच्या लोकांनी १९४९ च्या मतदानात भारतात येण्याचा कौल दिला, आणि १ नोव्हेंबर १९५४ रोजी पाँडेचेरी, कारिकल, माहे व यानम यांचा कारभार फ्रेंचांनी भारताच्या स्वाधीन केला. मग पोर्तुगालच का अडून बसला? याचे कारण आफ्रिकेत आहे. अंगोला व मोझांबिक हे त्याचे अफाट मुलूख तेथे होते. एका ठिकाणी लोकांचा हक्क मान्य केला तर सगळीकडे तो मान्य करणे प्राप्त होते. लहानसा गोवा सोडणे म्हणजे सबंध भिंतीची एक वीट काढणे होय, हे सालाझार ओळखून होते. शिवाय १९४९ पासून पोर्तुगाल नाटो या पाश्चात्य लष्करी संघात असल्याने मोठी राष्ट्रे आपल्या पाठीशी आहेत असा त्यांचा भरवसा होता.

पोर्तुगालची आणखी एक सबब होती आणि तिचा विचार आपल्या शाळेत अवश्य व्हावा. गोवा हा ख्रिस्ती प्रांत आहे, म्हणून तो पोर्तुगालचा आहे, असे जगास सांगितले जात असे. हे दुहेरी असत्य होते. एक तर गोव्यात निम्म्याहून अधिक लोक हिंदू होते. ख्रिस्ती लोक एकतृतीयांशाहून काहीसे अधिक. दुसरे असे की, ख्रिस्ती मनुष्य आपल्या देशाचा राहत नाही, हे गृहीतच खोटे होते. कुन्हा ख्रिस्ती, मिनेझिस ख्रिस्ती. लिस्बनच्या तुरुंगात वर्षानुवर्षे खितपत पडलेले तेलो दि मास्कारेन्हस ख्रिस्ती. वामन सरदेसाई यांच्यासह सरहद्दीवरील रानात राहून १९५५ पासून १९६१ पर्यंत गुप्त नभोवाणी चालविणाऱ्या लिबिया लोबो याही ख्रिस्ती. मनुष्याची उपासना आणि त्याची मायभूमी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकीवरून दुसरीचा निवाडा करणारे लोक दोन्ही बाजूंस असतात, आणि दोन्ही बाजूंस ते चुकतात.

आता चळवळीने वेग घेतला. जुलै १९५४ मध्ये दादरा, आणि ऑगस्टच्या आरंभी नगर-हवेली, ही चोहोंकडून भारतीय मुलखाने वेढलेली ठाणी स्वयंसेवकांनी मुक्त केली. त्याच वर्षी १५ ऑगस्टला गोमंतकीय सत्याग्रहींच्या तुकड्या सीमा ओलांडून आत गेल्या. १९५५ च्या एप्रिलमध्ये म्हापशास गोवा काँग्रेसचे अधिवेशन भरविण्याचे ठरले. त्याच्या अध्यक्षपदाची जोखीम सुधाताई जोशी यांनी पत्करली आणि त्यांस तेथेच अटक झाली. भारतीय संस्कृतिकोशाचे संपादक पंडित महादेवशास्त्री जोशी यांच्या त्या पत्नी. मे महिन्यात सेनापती बापट व ना. ग. गोरे यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्रातील पहिली तुकडी निघाली. १५ ऑगस्ट १९५५ रोजी देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेले हजारो निःशस्त्र सत्याग्रही सीमेवरून आत शिरले. पोर्तुगीज पोलिसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. वीसांहून अधिक माणसे प्राणास मुकली. सर्वांचाच मार्ग निःशस्त्र होता असे मात्र नाही. सांगलीकडून गोव्यात जाऊन मराठीचे शिक्षक झालेले मोहन रानडे आझाद गोमंतक दलाच्या सशस्त्र लढ्यात पडले, १९५५ साली पकडले गेले, आणि त्यांची सुटका १९६९ साली, गोवा मुक्त झाल्यानंतरही सात वर्षांनी, लिस्बनच्या तुरुंगातून झाली.

गोळीबारानंतर भारत सरकारने आर्थिक नाकेबंदी कडक केली. आगगाडी थांबली, माल थांबला, मुंबईस नोकरी करणाऱ्या गोवेकरांस घरी पैसे पाठविणे व जाणेयेणे कठीण झाले. बलाढ्य शेजाऱ्याने दाब टाकावयाचा ठरविल्यावर तो कोणावर पडतो, हे येथे नीट पाहावे. नाकेबंदी पोर्तुगीज सरकारवर होती, परंतु तिची झळ प्रथम लागली ती घाट ओलांडून येणाऱ्या धान्याची, भाजीची वाट पाहणाऱ्या गरीब घराला. सरकारने बटाटे हॉलंडहून व चहा सिलोनहून आणविला. दाबोळीस विमानतळ बांधला. लोखंडाच्या खनिजाची निर्यात वाढवून खजिना भरला. अर्थात ज्याला नमवावयाचे तो फारसा नमला नाही, आणि ज्याला सोडवावयाचे त्याचे हाल झाले. शिवाय या त्रासाचे खापर शेजाऱ्यावर फोडण्याची संधी राज्यकर्त्यांस आयतीच मिळाली. यावरून नाकेबंदी सर्वथा अयोग्यच असते, असे म्हणण्याचा हेतू नाही. परंतु तिची किंमत कोण देतो, हे तिचा पुरस्कार करणाऱ्याने आधी मोजले पाहिजे.

दरम्यान पोर्तुगालने कागदाचा आश्रय घेतला. डिसेंबर १९५५ मध्ये त्याने हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात फिर्याद लावली की, दमणहून दादरा व नगर-हवेलीस जाण्याचा आपला रस्ता भारताने अडविला आहे. या खटल्यात मराठेशाहीचे जुने कागद जगापुढे आले. पेशव्यांनी १७७९ च्या तहाने पोर्तुगीजांस तेथील गावांचे राज्य दिले, की केवळ वसूल खाण्याचा सरंजाम दिला, यावर वाद झाला. १२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला. मराठ्यांनी दिला तो वसुलाचा हक्क होता, सार्वभौमत्व नव्हे, असे न्यायालयाने ठरविले. तथापि पुढे इंग्रजांनी पोर्तुगीजांची सत्ता मानली होती, हेही नमूद केले. खाजगी माणसे, मुलकी अधिकारी व माल यांस वाटेचा हक्क होता, शस्त्रे व सैन्य यांस नव्हता, आणि भारताने रस्ता अडविण्यात कर्तव्यभंग केला नाही, असा तो निवाडा होता. दोघांनीही आपापला जय झाल्याचे सांगितले. पण या निकालपत्रात तेथील वारली, कोकणा, धोडिया शेतकऱ्यांस काय हवे होते, हा प्रश्नच नव्हता. कारण तो न्यायालयास कोणी विचारलाच नव्हता.

पंडित नेहरू चौदा वर्षे का थांबले, असे पुष्कळ जण विचारतात. त्यांची अडचण खरी होती. आंतरराष्ट्रीय तंटे सामोपचाराने मिटवावेत, असा उपदेश ते जगभर करीत होते. स्वतःच्या दाराशी मात्र तलवार उपसली तर त्या उपदेशाचे मोल काय राहणार? उलटपक्षी, न उपसावी तर वसाहतींतील लोकांच्या कैवाराचे मोल काय? १९६१ च्या आरंभी अंगोलात उठाव झाला आणि पोर्तुगालने तो रक्तपाताने दडपावयास घेतला. तेव्हा आफ्रिकेतील नेते भारताकडे बोट दाखवू लागले. नोव्हेंबरमध्ये अंजदीव बेटावरून भारतीय जहाजावर गोळ्या झाडण्यात आल्या व पुढे एक मच्छीमार मारला गेला. मग मात्र निश्चय झाला.

१७ डिसेंबर १९६१ च्या मध्यरात्रीनंतर भारतीय फौजा आत शिरल्या. सालाझारने गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्व्हा यांस आज्ञा धाडली होती की, शेवटच्या माणसापर्यंत लढावे. पोर्तुगीज सैनिकांनी एक तर जिंकावे नाहीतर मरावे. त्यांच्यापाशी सैनिक होते तीनसाडेतीन हजार. समोर त्याच्या कितीतरी पट सेना. पूल उडविले गेले, बंदरात ‘आफोन्सो दि आल्बुकेर्क’ या युद्धनौकेने झुंज दिली. परंतु गव्हर्नरने व्यर्थ कत्तल होऊ दिली नाही. १९ डिसेंबरच्या संध्याकाळी त्यांनी शरणागती पत्करली. दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे पन्नास सैनिक कामास आले. शहरे उभी राहिली, प्रजा वाचली. या शहाणपणाबद्दल लिस्बनने त्यांना सैन्यातून काढून टाकले. १९७४ साली हुकूमशाही कोसळल्यावरच त्यांचा दर्जा परत मिळाला. शत्रुपक्षातही विवेकी मनुष्य असतो आणि इतिहासाने त्याचे ऋण मान्य केले पाहिजे.

जगात या घटनेचे स्वागत एकमुखाने झाले नाही. सुरक्षा समितीत अमेरिका, इंग्लंड, फ्रान्स व तुर्कस्थान यांनी भारताविरुद्ध ठराव आणला. सात मते त्याच्या बाजूस पडली, पण रशियाच्या नकाराधिकाराने तो रद्द झाला. पोर्तुगालने गोव्यावरील हक्क सोडल्याचा कागद लिहून दिला तो ३१ डिसेंबर १९७४ रोजी. बळाने तेरा वर्षांपूर्वी जे घडविले होते, त्यास कागदाने तेव्हा संमती दिली.

येथे बहुतेक पुस्तके ही कथा संपवितात. परंतु आरंभीचे तिसरे उत्तर अद्याप यावयाचे आहे. पोर्तुगालने साडेचारशे वर्षांत गोवेकरांस मत विचारले नाही, आणि १९६१ सालीही मत विचारावयास कोणास सवड नव्हती. मुक्तीनंतर डिसेंबर १९६३ मध्ये निवडणूक होऊन दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. त्यांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे म्हणणे असे की, गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा. आता पहा, शेजारी कसा बदलतो! पूर्वी बलाढ्य शेजारी म्हणजे भारत होता; आता तो आपण मराठी लोक झालो. गोवा म्हणजे आपलेच कोकण, तेथील भाषा म्हणजे आपलीच बोली, असे पुण्यामुंबईस अनेकांनी प्रामाणिकपणे मानले. ज्यांच्या लेकरांनी गोव्यासाठी रक्त सांडले, त्यांना तसे वाटले यात नवल नाही.

परंतु या वेळी प्रश्न लोकांपुढे ठेवण्यात आला. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल झाला. विलीनीकरणासाठी ‘फूल’ आणि वेगळे राहण्यासाठी ‘दोन पाने’ अशी चिन्हे होती. वेगळे राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ आणि विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली. याहून मौजेची गोष्ट ही की, दोनच महिन्यांनी झालेल्या निवडणुकीत त्याच लोकांनी पुन्हा बांदोडकरांच्याच पक्षास निवडून दिले. अर्थात महाराष्ट्राविषयी त्यांच्या मनात द्वेष नव्हता. राज्य चालवावयास माणूस त्यांस हवा होता, पण घर त्यांस आपले वेगळे ठेवावयाचे होते. हा भेद मतपेटीवाचून कोणास कळला असता? १९८७ साली कोकणी ही गोव्याची राजभाषा झाली, मराठीच्या वापरासही कायद्याने जागा राहिली, आणि त्याच वर्षी ३० मे रोजी गोवा भारताचे स्वतंत्र घटकराज्य बनला. महाराष्ट्राने हा कौल मानला. सामर्थ्यवान शेजाऱ्याने लहानाचे ‘नाही’ ऐकून घेतले, ही आपल्या इतिहासातील एक सन्मानाची गोष्ट आहे आणि ती पराभव म्हणून विसरली जाऊ नये.

विद्यार्थिमित्रहो, वर्तमानपत्रात तुम्ही आजही कोठल्या तरी बेटाविषयी, खोऱ्याविषयी किंवा सरहद्दीविषयी वाचता. एक राष्ट्र जुना तह पुढे करते, दुसरे आपले सैन्य उभे करते, आणि दोघेही तेथील लोकांच्या नावाने बोलतात. अशा वेळी एकदम बाजू घेण्याची घाई करू नका. प्रथम नकाशा पाहा. मग कागद कोणाचा, बळ कोणाचे, ते पाहा. आणि नंतर हे विचारा की, तेथल्या शेतकऱ्यास, कोळ्यास, शिक्षकास कोणी मोकळेपणाने बोलू दिले आहे काय? बोलू दिले नसेल, तर त्यांच्या नावाने बोलणाऱ्या दोघांच्याही शब्दावर सावधपणेच विश्वास ठेवावा. आणि पालकांस एवढीच विनंती की, मुलांनी हा प्रश्न घरी काढला तर त्यांस गप्प बसवू नये. ज्या घरात लहानांचे मत विचारले जाते, त्या घरातली मुलेच पुढे दुसऱ्यांचे मत विचारावयास शिकतात.